तलंगांना हार्मोनचे इंजेक्शन: तुरा लाल होतो, अंडे येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसातल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, लवकर अंड्यावर याव्यात म्हणून त्यांना हार्मोनचे इंजेक्शन द्यावे, असा सल्ला सध्या गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरीच्या काही गावांत दिला जात आहे आणि तो मानलाही जात आहे. सल्ला देणारे बहुधा फिरते विक्रेते असतात. कुपीवरचे लेबल खरवडलेले असते किंवा औषध मुळात गुरांसाठीचे असते, आणि मात्रा विक्रेत्याच्या अंदाजाने ठरते. गंमत अशी की बाजारातल्या प्रत्येक ब्रॉयलरमध्ये हार्मोन भरलेले असतात आणि त्यामुळे मुली लवकर वयात येतात, हा मोबाइलवरचा संदेश एकमेकांना पाठवणारी घरेच स्वतःच्या खुराड्यात ही सुई टोचून घ्यायला तयार होतात. पशुवैद्यकीय सेवेत माझे आयुष्य गेले आणि त्यातला बराच काळ कोंबड्यांच्या आजारांशी झगडण्यात गेला, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. जागा जास्त लागल्यास क्षमस्व.

तलंग वयात येते ती ठरलेल्या क्रमाने. मादी पिलाचा डावा अंडाशय आणि डावी अंडनलिका एवढेच पुढे वाढते, उजवी बाजू पिलू अंड्यात असतानाच खुंटते. जात सुधारित असो वा गावठी, पहिल्या अंड्याच्या काही आठवडे आधीपर्यंत हा डावा अंडाशय जवळजवळ निद्रिस्त असतो. दिवस लांबत असल्याची खूण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला मिळाली की तो पीयूषिका ग्रंथीला चालना देतो, तिच्यातून एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके रक्तात उतरतात आणि अंडाशय कामाला लागतो. मग त्याच्यातून निघणारे इस्ट्रोजेन अंडनलिका वाढवते, यकृताकडून बलकाची प्रथिने आणि चरबी तयार करून घेते आणि हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा साठा करते; अँड्रोजेनमुळे तुरा आणि गळ्याखालची लोंबती त्वचा लाल होते; आणि पिकलेला बलक सुटण्याची वेळ प्रोजेस्टेरॉन आणि एलएच मिळून ठरवतात. पहिल्या अंड्याच्या सुमारास अंडाशय चाळीस ते साठ ग्रॅमचा झालेला असतो, नळी साठ-सत्तर सेंटीमीटर लांब होते आणि पिवळे बलक मोठ्याकडून लहानाकडे उतरंडीसारखे लागलेले असतात. रोज एकच बलक सुटतो तो या उतरंडीमुळे. हे सगळे एकाच वेळी आणि एकमेकांच्या प्रमाणात घडावे लागते, आणि बाहेरून टोचलेल्या एका संप्रेरकाला नेमके तेच जमत नाही.

इस्ट्रोजेनचेच उदाहरण घ्या, कारण त्यावर सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. आठवडाभराच्या मादी पिलाला रोज इस्ट्रोजेन टोचत गेले तर दोऱ्यासारखी असलेली अंडनलिका दहा-बारा दिवसांत कित्येक पटींनी जाड होते, तिच्यात ग्रंथी तयार होतात आणि त्या ग्रंथी अंड्याच्या पांढऱ्या भागातले मुख्य प्रथिन, म्हणजे ओव्हाल्ब्युमिन, बनवू लागतात. हार्मोन पेशीतल्या जनुकांना कामाला कसे लावतात हे समजून घेण्यासाठी १९६० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांनी पिलाच्या याच नळीचा उपयोग केला. इंजेक्शन थांबवले की नळी पुन्हा आक्रसते. यकृतही असेच फसते. इस्ट्रोजेन टोचले तर कोंबड्याचे यकृतसुद्धा बलकाचे प्रथिन रक्तात सोडू लागते, वास्तविक त्याला त्याचा आयुष्यात काही उपयोग नाही. पण या सगळ्यात अंडाशय मात्र जागचा हलत नाही. रक्तात इस्ट्रोजेन भरपूर आहे असे दिसल्यावर मेंदू आणि पीयूषिका ग्रंथी आपले काम उलट आवरते घेतात, म्हणजे अंडाशयाला मिळायची ती चालनाही कमी होते. नळी तयार होते आणि तिच्यात उतरायला बलकच नसतो.

सत्तरीतल्या एका वाड्यावरून माझ्याकडे आणलेली एक मेलेली तलंग मी उघडून पाहिली होती. अंगाने ती चार महिन्यांची वाटत होती, पण तुरा पोक्त कोंबडीसारखा लाल होता आणि पोट फुगलेले होते. आत अंडनलिका बोटाएवढी जाड, तिच्यात पांढऱ्या चिकट द्रवाचा साठा. यकृत पिवळट, मऊ आणि चरबीने भरलेले, बोटाने दाबले तर फुटणारे. आणि या सगळ्याच्या मागे, मूत्रपिंडाच्या टोकाशी, राळ्याच्या दाण्यांएवढ्या फोडींचा (याच फोडींत पुढे बलक वाढतो) चिमूटभर अंडाशय. घरच्या बाईंनी सांगितले की दोन वेळा इंजेक्शन दिले होते आणि दुसऱ्या वेळी विक्रेत्याने 'आता आठवड्यात अंडे' असा शब्द दिला होता. औषध कोणते होते हे त्यांना माहीत नव्हते आणि विक्रेता पुन्हा आला नाही. अंडाशयाची ती अवस्था पाहता त्या पक्ष्याला अंड्यावर यायला अजून किमान दीड-दोन महिने लागले असते.

गुरांच्या औषधांतून जे दुसरे इंजेक्शन या कामासाठी वापरले जाते, ते गाभण घोडीच्या रक्तद्रवापासून काढलेले गोनॅडोट्रोपिन. हे थेट अंडाशयावर काम करते, म्हणून वरवर पाहता ते अधिक शहाणपणाचे वाटेल. अगदी लहान पिलांचा अंडाशय त्याला फारशी दाद देत नाही. वयात येऊ घातलेल्या तलंगेत त्यामुळे अनेक फोडी एकदम वाढू लागतात आणि सगळ्या साधारण एकाच आकाराच्या राहतात. उतरंड लागत नाही आणि बलक वेळेवर सुटतही नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला हे टोचले तर अंडाशय समान आकाराच्या बलकांनी गच्च भरतो आणि चालू असलेली अंडी बंद पडतात, हेही प्रयोगांतून फार पूर्वी दिसले आहे. प्रोजेस्टेरॉनबद्दल एवढेच पुरे की मोठ्या मात्रेत ते दिले तर कोंबडी अंडी थांबवून पिसे गाळू लागते.

टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजेनचा परिणाम सर्वांत लवकर आणि सर्वांत जास्त डोळ्यांत भरणारा असतो. तलंगेचा तुरा वाढतो, रंग येतो, पक्षी भांडखोर होतो, कळपात वरचढ ठरतो आणि काही वेळा चक्क आरवतो. आपल्याकडे कोंबडी आरवली की अपशकुन समजून तिची मान कापतात. इंजेक्शनाशिवायही असे होऊ शकते. डावा अंडाशय गाठीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे निकामी झाला की इस्ट्रोजेन आटते, उजवीकडचा खुंटलेला अवयव कधी कधी वृषणासारखा वाढू लागतो आणि पुढच्या पिसेझडीनंतर कोंबडीला कोंबड्याची पिसे येतात. कोंबडा आणि कोंबडी यांच्या पिसांतला फरक इस्ट्रोजेन असण्या-नसण्यावर ठरतो. ती कोंबडी आजारी असते, त्या घरावर संकट येणार असते असे नाही.

या सगळ्याचा व्यवहाराशी संबंध कसा येतो ते पाहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तलंग निवडणारी अनुभवी बाई तुरा पाहते, पक्षी हातात घेऊन शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांत किती बोटे बसतात ते चाचपते. एकच बोट बसले तर अवकाश आहे, दोन-तीन बसली तर अंडे जवळ आले. ही परीक्षा उत्तम आहे आणि मीही तीच करतो. पण हाडांतले ते अंतर इस्ट्रोजेनने वाढते आणि तुरा अँड्रोजेनने लाल होतो. म्हणजे दोन्ही खुणा सुईने आणता येतात. कुणी तशा लबाडीने तलंगा विकल्या तर तीन महिन्यांचा पक्षी पाच महिन्यांच्या भावाने जाईल आणि घेणारी बाई पुढचे दोन महिने दाणे घालत बसेल. असे सर्रास चालते असा माझा दावा नाही. पण अंगावरच्या खुणांवर विसंबून भाव ठरतो तिथे हा धोका राहणारच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर या पत्राचा उपयोग भीती पसरवायला होईल. संप्रेरकांचे शास्त्र कोंबड्यापासूनच सुरू झाले. १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन येथे बेर्टोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला आणि वृषण काढल्यावर खुजा राहणारा तुरा, वृषण शरीरात दुसरीकडे बसवले तर पुन्हा वाढतो, हे दाखवून दिले. त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत नर पिलांच्या मानेत कातडीखाली डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनची गोळी ठेवण्याची पद्धत आली, कारण त्यामुळे मांस चरबीदार आणि मऊ होई. पक्ष्यांच्या कातडीत, यकृतात आणि मूत्रपिंडात औषधाचा अंश सापडल्यावर १९५९ मध्ये तिथल्या सरकारने कोंबड्यांतला हा वापर बंद केला. पुढे १९७१ मध्ये हेच औषध गरोदरपणी घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींत योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा 'हार्मोनने काय होते' असे खांदे उडवून म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

मात्र आज गोव्यात बेळगावकडून गाडीने येणारा ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो, तो हार्मोनमुळे नव्हे. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्यामुळे खाद्यातून दिले तर पचून जाते, टोचायचे झाले तर हजारो पक्ष्यांना वारंवार टोचावे लागेल, आणि एवढे करून ब्रॉयलरची वाढ त्याने फारशी वाढतही नाही. पैसे घालून तोटा करून घेणारा व्यापारी मी पाहिलेला नाही. ही वाढ निवड पद्धतीच्या पैदाशीतून आली आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने जतन केलेले १९५७ चे आणि १९७८ चे वाण आणि २००५ चा बाजारातला ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. छप्पन्न दिवसांनी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खाद्य तेच असताना चौपटीहून अधिक फरक पडला तो रक्तातला, म्हणजे वाणाचा. दुकानावर 'हार्मोनमुक्त चिकन' अशी पाटी लावून किलोमागे जास्त पैसे घेणारे, जे मुळात घातलेच जात नाही ते न घातल्याचे पैसे घेतात, असे माझे मत आहे.

लोकांनी सुई पाहिलेली असते हे खरे. पण ती लसीची असते. पिलू एक दिवसाचे असताना मॅरेक्स रोगाची लस मानेत देतात, सहा-आठ आठवड्यांनी मानमोडीची (राणीखेतची) इंजेक्शनाने देतात, आणि अंड्यावर येण्याच्या थोडे आधी, म्हणजे सोळा ते अठरा आठवड्यांच्या दरम्यान, पुन्हा लसी टोचतात. सुई टोचली आणि महिन्याभरात अंडी सुरू झाली हे पाहणाऱ्याला त्यात हार्मोन दिसले तर नवल नाही. मुलींच्या लवकर वयात येण्याबद्दल बोलायचे तर युरोपात पाळी सुरू होण्याचे वय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत आले, तेव्हा ब्रॉयलर नावाचा पक्षीच नव्हता. आहार आणि वजन यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आता मुख्य प्रश्न उरतो तो तलंगांच्या मालकिणीचा: मग अंडे लवकर यायचे कसे? माझे उत्तर उजेड हे आहे. पक्ष्याला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांतून कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूतल्या खास पेशी थेट टिपतात. गोवा पंधरा अंशांच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडे जूनमधला दिवस सुमारे तेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. फरक थोडा वाटतो, पण तलंगेला तो पुरेसा आहे. गणेशचवथीच्या सुमारास घेतलेली पिले फेब्रुवारी-मार्चमध्ये वयात येतात, तेव्हा दिवस वाढत असतो आणि अंडी वेळेवर येतात. मार्च-एप्रिलमध्ये घेतलेली पिले मात्र नेमकी पावसाळा सरताना, दिवस आटत असताना वयात यायला बघतात. त्याआधी दोन-तीन महिने ढगांमुळे खुराड्यात अंधारच असतो. 'सात-आठ महिने झाले तरी अंडे नाही' ही तक्रार मी ऐकली ती बहुतेक वेळा याच पिलांबद्दल. नेमक्या अशा वेळी विक्रेता येतो, सुई टोचतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दिवस आपोआप वाढू लागल्यावर कोंबडी अंडे देते. श्रेय सुईला जाते.

उपाय स्वस्त आहे. तलंग सोळा-सतरा आठवड्यांची होऊन अंगाने भरेपर्यंत जादा उजेड देऊ नये. त्यानंतर खुराड्यात नऊ वॅटचा पिवळसर प्रकाशाचा एक दिवा लावून पहाटेच्या बाजूने आठवड्याला अर्धा तास असा उजेड वाढवत न्यावा, नैसर्गिक उजेड धरून एकूण पंधरा-सोळा तास झाले की थांबावे. पहाटे वाढवायचा, कारण रात्री दिवा अचानक गेला तर पक्षी दांडीवर चढायच्या आत अंधारात सापडतात. एकदा वाढवलेला उजेड कमी करू नये. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको, म्हणून बॅटरीवर चालणारा दिवा बरा. घाई मात्र करू नये. अंग भरण्याआधी उजेडाने जरी अंड्यावर आणली, तरी अंडी बारीक येतात, पहिल्याच अंड्याला अंग बाहेर येते आणि बाकीच्या कोंबड्या ते टोचून तिला मारतात. सुईने तर ही घाई आणखी बेताल होते.

कवचासाठी लागणारे कॅल्शियम आपल्या दारात आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. तिसऱ्या आणि खुबे यांची शिंपले मीठ जाईपर्यंत धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावीत. तुरा लाल होऊ लागलेली तलंग स्वतःच हवी तेवढी खाते. लहान पिलांना मात्र ती देऊ नयेत, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे खराब होतात. जंतांचे औषध आणि मानमोडीची लस वेळेवर द्यावी. जात निवडताना अपेक्षाही त्या जातीची धरावी: ग्रामप्रियासारखी हैदराबादच्या संशोधन संचालनालयाने तयार केलेली कोंबडी साडेपाच महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते आणि परसात वर्षाला दीडशेच्या वर अंडी देऊ शकते. गावठीकडून तेवढी अपेक्षा करू नये, ती खुडूक बसणार आणि पिले काढणार, तिचा तोच गुण आहे.

पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती अशी की सरकारी केंद्रातून असो वा खासगी विक्रेत्याकडून, तलंग विकताना पिलू अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, जात आणि दिलेल्या लसी लिहिलेली चिठ्ठी देणे बंधनकारक करावे; तुऱ्यावरून वय ओळखण्याची वेळच घेणाऱ्यावर येऊ नये. हार्मोनची इंजेक्शने पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय कुणाच्या हाती पडतात आणि गावात कशी पोहोचतात, याचा तपास अन्न व औषध प्रशासनाने करावा. पत्रादेवी, मोले आणि पोळे या सीमानाक्यांवरून राज्यात येणाऱ्या कोंबड्यांचे नमुने अवशेषांसाठी तपासले जात असतील तर त्यांचे निकाल मराठी आणि कोंकणी वृत्तपत्रांतून छापावेत. लोकांसमोर आकडे आले तर मोबाइलवरच्या संदेशांना आपोआप आळा बसेल.

ज्यांनी आपल्या तलंगांना हे इंजेक्शन आधीच देऊन घेतले आहे त्यांनी दुसरी मात्रा कोणत्याही कारणाने देऊ नये, 'उतारा' म्हणून दुसरे औषध तर नाहीच. पक्षी अशक्त झाला नसेल तर बहुधा सावरतो, कारण नळी आक्रसते आणि अंडाशय नंतर आपल्या क्रमाने वाढतो. तेलात मिसळलेले हार्मोन टोचल्या जागी कित्येक दिवस राहतात, म्हणून असे पक्षी विकू किंवा कापू नयेत आणि त्यांची सुरुवातीची अंडी मुलांना देऊ नयेत. किती दिवस थांबायचे हे औषधावर अवलंबून आहे, तेव्हा रिकामी कुपी कचऱ्यात न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दाखवावी.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
डिचोली, गोवा